कधी पूर्ण होईल ते कोणासाठी: प्रकल्प-संशोधनाची वाटचाल

वेरूळचे कैलास लेणे शिल्पकारांनी वरून खाली कोरत आणले. कातळाचा फोडलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही. त्यामुळे कोणत्या तुकडीने कुठे आणि केव्हा छिन्नी लावायची, याचा विचार कुणीतरी फार काटेकोरपणे आधीच केलेला असणार. त्या विचाराचे एकही टिपण आज उरलेले नाही. रायगडावर हिरोजी इंदुलकरांच्या शिलालेखात काय काय बांधले याची यादी आहे. ते किती काळात, किती माणसांनी, कोणत्या अडचणींतून बांधले, हे तिथे नाही. मोठी कामे उभी करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. ती कामे कशी उभी राहतात आणि कशी फसतात, याचा पद्धतशीर अभ्यास मात्र जगभरातच नवा आहे. सुरुवात धरली तर तो सव्वाशे वर्षांचा आणि विद्याशाखा म्हणून जेमतेम सत्तर वर्षांचा. या विद्येची मराठी वाचकाला ओळख व्हावी, एवढ्यासाठी हा लेखसंग्रह आहे.

प्रकल्प ही चीज मराठी माणसाला अनोळखी नाही. भूमिपूजन, निविदा, कार्यारंभ आदेश, मुदतवाढ, सुधारित प्रशासकीय मान्यता आणि प्रकल्पग्रस्त हे शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. पण काम रखडले की आपली चर्चा दोन ठिकाणी जाऊन थांबते: ठेकेदार आणि पुढारी. दोघांचीही जबाबदारी खरी आहे, तरी सगळे उत्तर तेवढ्यात सापडत नाही. जगातल्या संशोधकांनी सत्तर वर्षांत या प्रश्नाचे बरेच थर उलगडले आहेत. या वाटचालीत मला एक सलग धागा दिसतो. उत्तरे बदलत गेलीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न मोठा होत गेला. काम कधी पूर्ण होईल, इथून सुरुवात झाली. मग पूर्ण झाले म्हणजे यशस्वी झाले का, हा प्रश्न आला. पुढे काम करणारी माणसे कशी वागतात हे विचारले गेले, आणि आता काम कोणासाठी आणि कोणाच्या किमतीवर, हे विचारले जात आहे. प्रस्तावनेत या चार प्रश्नांच्या क्रमानेच पुढे जाऊ.

पहिला प्रश्न वेळेचा. कॅरोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने १८९६ च्या सुमारास कारखान्यातल्या कामांचा परस्परक्रम दाखवणारा आलेख तयार केला. त्याचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिल्यामुळे इंग्रजी जगाला ते उशिरा कळले. दरम्यान अमेरिकेत हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात वेळापत्रकाचा पट्ट्यांचा आलेख रुजवला आणि त्यांचे नाव त्या आलेखाला कायमचे चिकटले. आजही कुठल्याही बांधकामाच्या साइट ऑफिसात भिंतीवर गँट चार्ट दिसतो. कोणते काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे तो एका नजरेत सांगतो. एक काम लांबले तर बाकीच्यांपैकी नेमकी कोणती अडतील, हे मात्र त्या काळच्या आलेखातून स्पष्ट होत नसे.

ही उणीव १९५७ नंतर भरून निघाली. ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे गणितज्ञ जेम्स केली यांनी मिळून ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली. कल्पना समजायला सोपी आहे. घर बांधताना पाया भरल्याशिवाय भिंत नाही, भिंतीशिवाय स्लॅब नाही. पण विहिरीचे काम बाजूला चालू राहू शकते. एकमेकांवर अडलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, तीच पूर्ण घराचा कालावधी ठरवते. त्या साखळीतले एक काम एक दिवस लांबले की घर एक दिवस लांबते. बाहेरचे काम थोडे लांबले तरी चालते. त्यामुळे जादा पैसा आणि माणसे कुठे लावायची, हे अंदाजाऐवजी हिशेबाने ठरवता येऊ लागले. ड्यूपाँच्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रे बंद ठेवण्याचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला, असे या पद्धतीच्या जनकांनी नोंदवले आहे.

त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदल पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रावर काम करत होते. इथली अडचण वेगळी होती. देखभालीचे काम पूर्वी अनेकदा केलेले असते. असे क्षेपणास्त्र आधी कुणीच बनवलेले नव्हते. म्हणून प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घ्यायचे ठरले: सगळे नीट जुळले तर लागणारा वेळ, सर्वाधिक संभाव्य वेळ आणि सगळे बिघडले तर लागणारा वेळ. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन सरासरी काढायची. ही ‘पर्ट’ पद्धत. अनिश्चितता मान्य करून तिच्यासकट नियोजन करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. जुलै १९६० मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीतून पोलारिसचे यशस्वी प्रक्षेपण झाले आणि ‘पर्ट’ची कीर्ती जगभर पसरली.

पुढची दोन-तीन दशके या क्षेत्रावर गणिताचे राज्य होते. क्रेन एकच आहे, गवंडी मोजकेच आहेत आणि कामे अनेक आहेत. मग क्रम कसा लावायचा? हा प्रश्न दिसतो त्याहून खूपच बिकट निघाला. कामांची संख्या वाढली की पर्यायांची संख्या इतक्या वेगाने वाढते, की प्रत्येक वेळी हमखास सर्वोत्तम वेळापत्रक देणारी जलद रीत कुणालाही सापडलेली नाही. जवळपास बरे उत्तर लवकर देणाऱ्या युक्त्यांवर म्हणूनच हजारो निबंध लिहिले गेले. हे संशोधन आजही जिवंत आहे आणि उपयोगी आहे. आपण वापरतो त्या प्रत्येक नियोजनाच्या सॉफ्टवेअरमागे ते उभे आहे.

या गणिती आत्मविश्वासाला पहिला गंभीर धक्का खुद्द पोलारिसच्या अभ्यासातूनच बसला. हार्वी सॅपोल्स्की या राज्यशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये त्या प्रकल्पावर पुस्तक लिहिले. त्याच्या मते रोजचे काम हाकण्यात ‘पर्ट’चा वाटा त्याच्या कीर्तीच्या मानाने फार कमी होता. त्या आलेखांचा आणि संगणकी तक्त्यांचा मोठा उपयोग झाला तो वरिष्ठांचा आणि राजकारण्यांचा हस्तक्षेप दूर ठेवण्यासाठी. इतक्या आधुनिक पद्धतीने चाललेल्या कामात ढवळाढवळ कोण करणार? सॅपोल्स्कीचे हे निरीक्षण मला या विद्येतले वळण वाटते. एखादी पद्धत कागदावर काय करते आणि प्रत्यक्ष संस्थेत तिचा कोणता उपयोग होतो, या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात, हे तेव्हापासून कळू लागले.

दरम्यान हे क्षेत्र एक व्यवसाय म्हणून संघटित होत गेले. युरोपात १९६५ मध्ये आणि अमेरिकेत १९६९ मध्ये प्रकल्प व्यवस्थापकांच्या संघटना स्थापन झाल्या. पुढे त्यांनी ज्ञानसंहिता तयार केल्या, परीक्षा आणि प्रमाणपत्रे सुरू केली. ‘पीएमपी’ हे अमेरिकी संघटनेचे प्रमाणपत्र आज पुण्या-मुंबईतल्या हजारो तरुणांच्या परिचयाचे आहे. संशोधनाला वाहिलेली स्वतंत्र नियतकालिकेही निघाली. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ १९८३ मध्ये सुरू झाले. संहितांमुळे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना एकत्र काम करण्यासाठी सामाईक भाषा मिळाली, हा मोठा लाभ. पण सगळे प्रकल्प एकाच साच्यात बसतात, असा समजही त्यांनी पसरवला. अमेरिकी संघटनेने २०२१ च्या आवृत्तीत प्रक्रियांच्या चौकटीऐवजी तत्त्वांवर भर दिला. साच्याच्या मर्यादा संहिता लिहिणाऱ्यांनाही जाणवल्या, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

आता दुसरा प्रश्न: यश म्हणजे काय? वेळ, खर्च आणि दर्जा हे तीन निकष अभियंत्यांना पाठ असतात. सिडनीचे ऑपेरा हाउस या निकषांवर घासून पाहावे. १९५७ मध्ये योर्न उत्झन यांचा आराखडा निवडला गेला तेव्हा ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा अंदाज होता. १९७३ मध्ये इमारत पूर्ण झाली तेव्हा आकडा १० कोटी २० लाखांवर गेला होता, ठरलेल्या मुदतीनंतर दहा वर्षे उलटली होती आणि उत्झन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. वेळ आणि खर्च या निकषांवर नापास झालेल्या या इमारतीला २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उलट बाजूने ब्रिटन आणि फ्रान्सचे कॉन्कॉर्ड विमान बघावे. अभियांत्रिकीचा तो चमत्कारच होता, पण गिऱ्हाइके मिळाली नाहीत.

पीटर मॉरिस आणि जॉर्ज हफ यांनी १९८७ मध्ये अशा मोठ्या प्रकल्पांची शवचिकित्सा केली. अपयशाची मुळे बहुधा व्यवस्थापकाच्या टेबलाच्या बाहेर असतात, हा त्यांचा निष्कर्ष: धोरणातली धरसोड, चुकीची सुरुवात, पैशाची सोय, बाजाराचा अंदाज. त्याच वर्षी जेफ्री पिंटो आणि डेनिस स्लेविन यांनी यशाचे दहा घटक मांडले. उद्दिष्टाची स्पष्टता आणि वरिष्ठांचे पाठबळ त्यांत ठळक होते. १९८८ मध्ये अँटन द विट यांनी एक साधा पण फार उपयोगी भेद केला. काम नीट हाकले गेले हे व्यवस्थापनाचे यश; त्या कामातून लोकांना हवे ते मिळाले हे प्रकल्पाचे यश. पहिले नसताना दुसरे मिळू शकते आणि पहिले असूनही दुसरे हुकू शकते.

या भेदाची किंमत विदर्भाला चांगली ठाऊक आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला आणि पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. धरण उभे राहिले, पाणी अडले, पण कालवे आणि वितरिका मागे राहिल्या. धरणाची भिंत हा प्रकल्पाचा शेवट मानला तर काम झाले. शेताच्या बांधावर पोचलेले पाणी हा शेवट मानला तर हजारो हेक्टरांना दशकानुदशके वाट पाहावी लागली. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीच्या मान्यता, बदललेले दर, वाढवलेली व्याप्ती आणि एकाच वेळी अनेक प्रकल्पांवर विखुरलेला निधी, या सगळ्यांचा गुंता इथे आहे. निकष कुठे लावायचा हा प्रश्न ग्रंथातला वाटतो, पण त्यावर शेतकऱ्याचा हंगाम अवलंबून असतो.

तिसरा प्रश्न माणसांचा. १९९५ मध्ये रॉल्फ लुंडीन आणि अँडर्स सोडरहोम या स्वीडिश अभ्यासकांनी प्रकल्पाकडे तात्पुरती संस्था म्हणून पाहायला शिकवले. कारखाना किंवा सरकारी खाते आपण कायम राहणार असे धरून चालते. प्रकल्प मात्र आपण संपणार हे जाणूनच जन्माला येतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून माणसे येतात, एका उद्दिष्टाभोवती गोळा होतात आणि काम झाले की पांगतात. अशा ठिकाणी विश्वास लवकर कसा जमतो? शिकलेले ज्ञान माणसे पांगल्यावर कुठे जाते? हे प्रश्न गणिताच्या टप्प्यात कुणी विचारलेच नव्हते. २००३ मध्ये मॅट्स एंगवाल यांनी त्यात भर घातली: कोणताही प्रकल्प एकाकी बेट नसतो. त्याच्या आधी काय घडले, भोवतीच्या संस्था कशा आहेत, यावर त्याच्या आतले बरेच काही ठरते.

कोकण रेल्वे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९९० मध्ये तिच्यासाठी वेगळे महामंडळ काढले गेले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. रोखे काढून पैसा उभारला. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये ९० हून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक ठिकाणच्या अभियंत्याला निर्णयाचे अधिकार दिले आणि उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळे लावली. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल हे अभियांत्रिकीचे टप्पे सगळ्यांना माहीत आहेत. संशोधकाला त्याहून मोलाचे वाटावे असे काही इथे आहे. रेल्वेच्या नेहमीच्या चाकोरीबाहेर संस्था उभी केल्यामुळेच हा वेग शक्य झाला. तरीही गोव्यातल्या मार्गावरून झालेले आंदोलन आणि पेडण्याच्या बोगद्यातली मऊ माती यांच्यापुढे उलटी घड्याळे चालली नाहीत. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. तात्पुरत्या संस्थेची ताकद आणि तिच्या भोवतालाची पकड, दोन्ही एकाच प्रकल्पात दिसतात.

माणसांकडे लक्ष वळवणारा दुसरा प्रवाह सॉफ्टवेअरमधून आला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला. आधी पूर्ण आराखडा, मग पूर्ण काम, शेवटी तपासणी ही रीत सॉफ्टवेअरला मानवत नाही, कारण ग्राहकाला काय हवे हे त्यालाही काम पाहता पाहताच कळते. म्हणून छोटे टप्पे घ्या, दाखवा, विचारा, बदला. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कंपनीत रोज सकाळी उभ्याने होणारी दहा-पंधरा मिनिटांची बैठक हे त्याच प्रवाहाचे देणे आहे. संशोधन आता या पद्धतीचा प्रचार मागे टाकून तिच्या मर्यादा तपासत आहे. शेकडो तुकड्या एकाच कामावर असतील तर काय होते? जिथे काँक्रीट एकदा ओतले की बदल महाग पडतो, तिथे कोणता भाग लवचीक ठेवता येतो? बहुतेक ठिकाणी दोन्ही रीतींचे मिश्रणच चालते, आणि ते कसे जमवायचे हा आजचा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये २००४ ते २००६ या काळात सरकारी संशोधन निधीतून प्रकल्प व्यवस्थापनाचा मुळापासून पुनर्विचार करणारा उपक्रम चालला. विद्यापीठातले संशोधक आणि प्रत्यक्ष काम करणारे व्यवस्थापक एकत्र बसले. आदर्श प्रक्रिया काय असावी यापेक्षा प्रकल्पांत रोज प्रत्यक्ष काय घडते ते पाहा, आणि वस्तू बांधून देण्यापेक्षा तिच्यातून निर्माण होणाऱ्या मूल्याकडे पाहा, अशी दिशा त्यातून मिळाली. पुढच्या पिढीचे बरेच संशोधन या दिशेने गेले आहे.

याच काळात एक अप्रिय सत्य आकड्यांनिशी पुढे आले. बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहा प्रकल्पांपैकी नवांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता. रेल्वे प्रकल्पांत सरासरी वाढ ४५ टक्के होती. अभ्यासाने व्यापलेल्या सत्तर वर्षांत अंदाज सुधारल्याचे चिन्ह नव्हते. चुका प्रामाणिक असत्या तर काही अंदाज जास्त आणि काही कमी निघाले असते; बहुतेक सगळ्या एकाच दिशेला कशा? त्यांनी दोन कारणे दिली. एक मनाचे: डॅनियल कानमन आणि अॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले होते की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज करताना तशा इतर कामांचा इतिहास विसरतो. दुसरे सत्तेचे: मंजुरी मिळावी म्हणून खर्च मुद्दाम कमी आणि फायदे मुद्दाम जास्त दाखवले जातात. एकदा काम सुरू झाले की थांबवायचे धैर्य कुणाला नसते, हे सगळ्यांना माहीत असते. सुधारित मान्यतांच्या फायली पाहिलेल्या कुठल्याही मराठी अभियंत्याला यातले काहीच नवीन वाटणार नाही.

उपाय म्हणून त्यांनी सुचवलेली रीत अशी: आपल्या प्रकल्पाच्या खास तपशिलांत शिरण्याआधी त्याच जातीच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे काय झाले ते पाहा आणि त्यावरून अंदाज दुरुस्त करा. २००४ मध्ये एडिनबरोच्या ट्रामसाठी ही रीत वापरली गेली. ३२ कोटी पौंडांचा अंदाज दुरुस्त करून ४० कोटींवर नेला गेला. प्रत्यक्षात २०१४ मध्ये ट्राम धावली ती आखूड केलेल्या मार्गावर आणि ७७ कोटींहून अधिक खर्चाने. दुरुस्ती योग्य दिशेने होती, पण कंत्राटावरचे वाद आणि जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्यातली अडचण तिच्या आवाक्याबाहेर गेली. अंदाज सुधारणे आणि काम सुधारणे, दोन्ही लागतात.

चौथा प्रश्न सर्वांत जुना आहे, पण संशोधनाने तो सर्वांत उशिरा हाती घेतला. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापटांना ‘सेनापती’ ही ओळख त्याच लढ्याने दिली. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. कोयनेच्या धरणाने महाराष्ट्राला वीज दिली. तिथून उठलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसनाचे प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो अशाच अनुभवांतून. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पावर जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींतल्या त्रुटी दाखवल्या आणि पुढच्या वर्षी भारत सरकारने बँकेच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. पाठ्यपुस्तकांत प्रकल्पाचे ‘हितसंबंधी’ बहुधा एका तक्त्यात बसतात: कुणाला माहिती द्यायची, कुणाला सांभाळून घ्यायचे. ज्याचे घर बुडते त्याला त्या तक्त्याच्या एका कोपऱ्यात बसवणे मला मान्य नाही. प्रकल्प सुरू करायचा की नाही, या निर्णयात त्याचा आवाज असायला हवा. आज प्रकल्पातली सत्ता, न्याय आणि जबाबदारी यांवर गंभीर लेखन होत आहे, आणि ते मुळशी ते नर्मदा या अनुभवाशिवाय अपुरे राहील.

मग हे संशोधन आता कुठे चालले आहे? मला चार दिशा स्पष्ट दिसतात. पहिली, प्रकल्प संपल्यानंतरच्या काळाची. पूल बांधून झाला की फाईल बंद होते, पण त्याचे आयुष्य तेव्हा सुरू होते. देखभाल, वापर आणि अपेक्षित लाभ यांचा हिशेब दहा-वीस वर्षे ठेवणारे अभ्यास वाढत आहेत. दुसरी, हवामानाची. धरणाची सांडवा क्षमता असो वा किनारी रस्त्याची उंची, गेल्या पन्नास वर्षांच्या पावसावर ती ठरवणे आता पुरेसे नाही. शिवाय बांधकामातून होणारे कार्बन उत्सर्जन हाही प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग मानावा लागेल. तिसरी, मनाची: निर्णय घेणारी माणसे कुठे फसतात आणि त्यांना वेळीच सावध करणारी रचना कशी करायची. चौथी, कृत्रिम बुद्धिमत्तेची. हजारो जुन्या प्रकल्पांची माहिती वाचून नव्या प्रकल्पातला विलंब आधीच ओळखणारी यंत्रणा बनवण्याचे प्रयोग जोरात आहेत.

या चौथ्या दिशेबद्दल उत्साह रास्त आहे, पण एक अट विसरता येत नाही. यंत्र शिकते ते नोंदींवरून. खासगी कंपन्या आपल्या नोंदी उघड करत नाहीत. मधेच सोडून दिलेले प्रकल्प बहुधा नोंदीतच येत नाहीत. सरकारी कागदांत विलंबाचे जे कारण लिहिलेले असते ते पुष्कळदा सोयीचे असते. अशा नोंदींवर वाढलेले यंत्र जुनाच भ्रम नव्या वेगाने पसरवेल. शिवाय आजवरचे बहुतेक सिद्धांत युरोप-अमेरिकेतल्या प्रकल्पांवर उभे आहेत. सातबाऱ्यावरची अनेक नावे, पावसाळ्याचे चार महिने, ऊसतोडणीच्या हंगामात ओस पडणारी मजुरांची वस्ती, निवडणुकीच्या आचारसंहितेत थांबणाऱ्या निविदा, हे सगळे त्या सिद्धांतांत कुठे बसते? ते तपासणे हे आपल्याच संशोधकांचे काम आहे.

कच्चा माल आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. दीडशे कोटी रुपयांहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांच्या खर्चाची आणि विलंबाची नोंद केंद्राचे सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय ठेवते. ‘कॅग’चे अहवाल उघड असतात. राज्यात सिंचनावरची श्वेतपत्रिका २०१२ मध्ये आली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या पथकाने २०१४ मध्ये सिंचन प्रकल्पांच्या वाढीव किमती आणि मान्यतांची छाननी करणारा अहवाल दिला. त्यांची चर्चा आपण आरोप-प्रत्यारोपांपुरती केली आणि अहवाल कपाटात ठेवले. कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय चुकला, त्या वेळी कोणती माहिती हाताशी होती, दुसरा पर्याय होता का, या दृष्टीने ते अभ्यासले गेले पाहिजेत. दोषी ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पुढचा प्रकल्प शहाणा करण्याचे काम अभ्यासकाचे, आणि ते आपण फार थोडे केले आहे.

म्हणून या संग्रहाच्या वाचकांकडे माझे स्पष्ट मागणे आहे. निवृत्त झालेल्या कार्यकारी अभियंत्यांनी आपल्या प्रकल्पांची हकिकत लिहावी, गौरवासाठी नव्हे, कामाच्या हिशेबासाठी: पहिला अंदाज काय होता, तो कुणी आणि कशावरून केला, कुठे बदलला. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना परदेशी उदाहरणांबरोबर आपल्या तालुक्यातले एक पूर्ण आणि एक रखडलेले काम अभ्यासायला द्यावे. पाणी वापर संस्थांनी आणि प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांनी आपल्याकडची पत्रे, ठराव आणि नकाशे जपावेत. उद्याच्या संशोधकाला त्यांचे मोल सरकारी फायलीइतकेच असेल. शासनाने प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा समाप्ती-अहवाल, आणि दहा वर्षांनी लाभाचा अहवाल, मराठीत जाहीर करण्याचे बंधन स्वतःवर घालावे. प्रकल्पांचे संशोधन पुढे कुठे जाईल हे केवळ परदेशातली विद्यापीठे ठरवणार नाहीत. ज्यांच्याकडे खऱ्या नोंदी असतील तेही ठरवतील. त्या नोंदी ठेवायला आजपासून सुरुवात करा.